शब्द आठवत नाहीत? घाबरू नका

नात जर्मनीत वाढतेय. तिच्याशी बोलता यावं म्हणून साठीत मी जर्मन शब्द शिकवणारं एक अ‍ॅप घेतलं. चार पर्यायांतून उत्तर ओळखायचो, गुण मिळायचे. पण व्हिडिओ कॉलवर तिने चमचा दाखवला, आणि ‘लोफेल’ काही आठवेना. स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही? डॉक्टर असूनही घाबरलो.

तसं नव्हतं. ओळखणं सोपं, आठवणं अवघड. शिवाय विसरणं स्वाभाविकच. जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच ते मोजून दाखवलं होतं.

मग ‘अंकी’ घेतलं. त्यात शब्द आधी स्वतः आठवायचा, मग उत्तर पाहायचं. चुकलेला शब्द लवकर परत येतो, जमलेला उशिरा. रोज दहा मिनिटं करतो.

अ‍ॅप निवडताना एवढंच पाहा: ते आठवायला लावतं का? मात्र ओळखीचे रस्ते, रोजची कामं विसरू लागलात, तर डॉक्टरांना जरूर दाखवा.