पांडुरता आणि लोह

मूल फिकट दिसलें कीं त्याला खजूर, गूळ आणि लोहाचें टॉनिक द्यावें, ही आपल्या घरोघरची वहिवाट आहे. ती बहुधा हितकरच. परंतु थॅलॅसीमिया झालेल्या मुलाच्या बाबतींत ती घातक ठरूं शकते. आमच्या शेजारीं अशी एक सात वर्षांची मुलगी आहे. तिला दर तीन आठवड्यांनीं दुसऱ्याचें रक्त द्यावें लागतें. रक्ताच्या एका पिशवींत २०० मिलिग्रॅमांहून अधिक लोह असतें, आणि मनुष्यदेह दिवसाकाठीं एकदोन मिलिग्रॅमांपलीकडे लोह बाहेर टाकूं शकत नाहीं. जमा आहे, खर्च नाहीं! उरलेलें लोह यकृतांत व हृदयांत सांचत जातें. रक्तांतील फेरिटिन मोजून त्याचा अदमास घेतात, आणि लोह काढून टाकणारें औषध नित्य द्यावें लागतें.

परवां तिच्या आजोबांनीं तपासणीचा कागद दाखविला. कोलेस्टेरॉलचा आंकडा लहान पाहून ते संतोषले होते. आम्हां वृद्धांस तो वाढण्याचेंच भय! या विकारांत मात्र तो बहुधा कमीच असतो. अस्थिमज्जा नव्या पेशी घडविण्याच्या निष्फळ खटपटींत कोलेस्टेरॉल खर्ची घालते, आणि लोहानें पीडलेलें यकृत तें पुरेसें बनवीत नाहीं, अशीं कारणें शास्त्रज्ञ देतात. ट्रायग्लिसराइड नांवाची दुसरी चरबी कित्येक मुलांत उलट वाढलेली आढळते. हें सारें ऐकून आजोबा बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले.

जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नांतील लोह कमी शोषिलें जातें. मुलांना चहा नको, असें मी शाळेंत जन्मभर सांगत आलों. या मुलीला तो डॉक्टरांनींच सांगितला आहे.