तोतया

बी.कॉम. झालेल्या माणसाला जगात दोनच गोष्टी कळतात, असा एक समज आहे : नावे आणि जमा. त्यात अस्मादिक बँकेत कारकून. म्हणजे त्या दोन कळण्याचीही आता सक्ती नाही. संगणकाला कळल्या की पुरे. त्यामुळे गेल्या आखाजीला आमचा भाचा पुण्याहून नामपूरला आला आणि ओट्यावर लॅपटॉप उघडून म्हणाला, "मामा, कंट्रोलरची परीक्षा घेतोय," तेव्हा मी आधी एस.टी. स्टँडच्या दिशेला बघितलं. मला कंट्रोलर एकच ठाऊक. मालेगावची गाडी कधी लागेल ते सांगणारा.

"तो नाही हो मामा!" भाचा म्हणाला. "ब्राउझरमधून मागणी येते, ती हा घेतो, तपासतो, आत खातेवहीला विचारतो आणि आलेलं उत्तर नीट मांडून गिऱ्हाइकाला देतो. स्वतःजवळ काही ठेवत नाही."

"अरे, मग हा तर मीच!"

खरंच की. पैसे तिजोरीत, हिशोब वहीत, अधिकार साहेबांकडे. आपल्याकडे फक्त खिडकी आणि खिडकीतून येणारी बोलणी. ही कामाची वाटणी जुनी आहे म्हणे. १९७९ साली नॉर्वेच्या ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात प्रोग्रामचे मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर असे तीन भाग पाडले. पुढे वेबवाल्यांनी ते आपापल्या सोयीने उचलले.

आता या कारकुनाची परीक्षा घ्यायची, तर दर वेळी खरी तिजोरी उघडायची का? वेळ जाणार, नोटा इकडच्या तिकडे होणार, आणि चूक निघालीच तर ती कारकुनाची की खातेवहीची, यावर चौकशी बसणार. म्हणून परीक्षेपुरता खातेवहीच्या जागी एक तोतया बसवतात. आपल्याला तोतये नवे नाहीत. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि १७७६ साली त्याला देहान्त शिक्षा झाली. प्रोग्रामवाले मात्र तोतयांना मानाने वागवतात. जेरार्ड मेस्झारोस यांनी २००७ सालच्या आपल्या पुस्तकात या सगळ्या मंडळींना 'टेस्ट डबल' असं घराण्याचं नाव दिलं, तेही सिनेमात हिरोच्या वतीने गच्चीवरून उडी मारणाऱ्या डमीवरून.

या घराण्यातले दोघे भाऊ मला कळले. धाकटा स्टब. तो पढवलेलं तेवढंच बोलतो. खातं कुठलंही विचारा, हा म्हणणार, "शिल्लक पाचशे." आमचे एक साहेब असेच होते. रजा मागा, पंखा मागा, बदली मागा, उत्तर एकच, "बघू."

थोरला मॉक. हा जरा खवचट. मार्टिन फाउलर यांनी २००४ साली 'मॉक म्हणजे स्टब नव्हेत' अशा मथळ्याचा लेखच लिहिला. आमच्या घरात तो न वाचताच अमलात आहे. सौ.नं मला साखरेला पाठवलं आणि परत आल्यावर फक्त पिशवी बघितली, तर दुकानदार हा स्टब. पण तिनं दुकानदाराला आधीच फितवलं, की हे येतील, एक किलो साखर एकदाच मागतील, उधारीचं नाव काढणार नाहीत, तंबाखूच्या बरणीकडे बघणार नाहीत. यातलं एक जरी चुकलं तर लगेच कळवा, म्हणजे तो झाला मॉक. पहिल्यात हाती काय आलं ते बघायचं, दुसऱ्यात कारकुनानं आत कुणाला काय आणि कितीदा विचारलं ते. जाच एवढाच, की परवा मी अर्धा-अर्धा किलो दोनदा मागितली. साखर तितकीच, पण नापास!

भाच्यानं बटण दाबलं. चार सेकंदांत दोनशे बारा हिरव्या खुणा! मला बी.कॉम.ला तीन वर्षं लागली होती. काम पुण्याला रवाना झालं, आम्ही पुरणपोळीवर बसलो.

संध्याकाळी फोन आला. भाच्याचा चेहरा उन्हाळ कांद्याचा भाव पडल्यासारखा. खऱ्या खातेवहीत एका गिऱ्हाइकाचं खातंच सापडलं नव्हतं. तोतयानं 'खातं नाही' असं कधी म्हटलंच नव्हतं, मग कंट्रोलरला ते ऐकायचं कसं ते कोण शिकवणार? तो जागीच आडवा झाला आणि पडद्यावर ५०० आकडा आला.

"शिल्लक?" मी विचारलं.

"एरर, मामा!"

तो जेवेना. तेव्हा मी त्याला कधीच कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. नोकरी लागल्यावर आम्हांला खोट्या खिडकीवर बसवून शिकवलं होतं. गिऱ्हाइकं म्हणजे आमच्यातलीच पोरं. प्रत्येकाची स्लिप भरलेली, सही मोत्यासारखी. मी पहिला आलो. मग इकडे खिडकीवर पहिला दिवस, नेमका बाजाराचा. समोर एक म्हातारे बाबा. हातात पासबुक, स्लिप नाही, सहीच्या जागी अंगठा. "पोराची परीक्षा-फी भरायची, आज शेवटचा दिवस," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "स्लिप भरून आणा." ते बाकावर जाऊन बसले. गर्दी होती, कुणी भरून दिली नाही. मलाही उठावंसं वाटलं नाही. पढवलेल्यात ते नव्हतं. खिडकी बंद झाली तेव्हा ते गेलेले होते. फी दुसऱ्या दिवशी दंडासह भरली, हे मला कित्येक वर्षांनी त्यांच्या मुलाकडून कळलं. बाबा मात्र त्यानंतरही माझ्याच खिडकीला येत, रामराम करत.

भाचा गप्प बसला. मग उठून त्यानं रात्रीत तोतयांना नवी उत्तरं पढवली. एक म्हणतो 'खातं नाही', एक चुकीच्या रकान्यात नाव देतो, एक उत्तरच देत नाही. त्याखेरीज थोड्या परीक्षा खऱ्या खातेवहीच्या नकलेवर घेतल्या. त्यांना चारऐवजी चाळीस सेकंद लागली. "लागू देत," तो म्हणाला आणि उरलेली पुरणपोळी मागितली.

आमच्या शाखेत पुढच्याच महिन्यात एक नवी मुलगी रुजू झाली. पहिल्या सकाळी, शाखा उघडायच्या आधी, मी डोक्याला टॉवेल गुंडाळून खिडकीपुढे उभा राहिलो. हातात पासबुक, स्लिप नाही, अंगठा पुढे. तोतयाचं सोंग मला फारसं साधलं नसावं, कारण शिपाई हसत होता.

ती मात्र हसली नाही. "बसा काका, स्लिप मी भरते. किती काढायचेत?"

काय सांगावं सुचेना. मी म्हटलं, "पाचशे."