माहेर तळेगाव

आमच्या सोसायटीत माझ्या मोटारीला ‘पोरकी’ म्हणतात. माझ्या तोंडावर कोणी म्हणत नाही. पण संध्याकाळी खाली मुलांचे क्रिकेट रंगले म्हणजे ‘अरे, चेंडू पोरकीखाली गेला!’ ही आरोळी तिसऱ्या मजल्यावर स्वच्छ ऐकू येते. हे नाव कोणी ठेवले ते मला ठाऊक नाही. मात्र ठेवणाऱ्याला मोटारींच्या धंद्याची बऱ्यापैकी माहिती असली पाहिजे. माझी मोटार म्हणजे 2010 सालची शेव्हरोले बीट. तिच्या अमेरिकन कंपनीने, जनरल मोटर्सने, 2017 साली भारतात मोटारी विकणे थांबवले आणि 2020 च्या डिसेंबरात, जिथे ती जन्माला आली तो तळेगावचा कारखानाही बंद पडला. आईबाप सातासमुद्रांपलीकडे आणि जन्मघराला कुलूप. अशा लेकराला माणसांत जे म्हणतात तेच मुलांनी म्हटले, त्यांचे काय चुकले?

पण मुलांना एक गोष्ट ठाऊक नाही. ही मोटार मी घेतलेली नाही. ती आमच्या हिने घेतली.

माझ्या मनात पांढरा रंग होता आणि जिचे मिस्त्री गल्लोगल्ली भेटतात अशी एखादी निमूट, संसारी मोटार होती. शिवाय मी जन्मभर बँकेत काम केलेला माणूस. 1 जून 2009 रोजी जनरल मोटर्सने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी मी दोनदा वाचली होती. ज्या पेढीचे दिवाळे निघाले तिचा माल घेऊ नये, हे मी हिला चांगले उदाहरणे देऊन समजावले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अहो, दिवाळं अमेरिकेत निघालंय. गाडी तळेगावची आहे.”

हिचे माहेर तळेगाव दाभाडे. यापुढे वाद संपला. रंगही तिनेच निवडला: पोपटी. चैत्रातल्या कैरीसारखा. असल्या रंगाच्या मोटारीत बसून मला सेवानिवृत्तांच्या सभेला जावे लागणार, या माझ्या तक्रारीची नोंद कोणी घेतली नाही.

तिचे वडील तळेगावच्या पैसा फंड काच कारखान्यात होते. हा कारखाना 1908 सालचा. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा अशी कल्पना काढली, लोकमान्यांनी ती उचलून धरली, आणि त्या पैशापैशातून माळावर काचेची भट्टी पेटली. योगायोग असा की त्याच 1908 साली, सप्टेंबरात, तिकडे मिशिगनमधल्या फ्लिंट गावी विल्यम ड्युरंट नावाच्या घोडागाड्यांच्या कारखानदाराने जनरल मोटर्स स्थापन केली. दोन वर्षांत कर्जे फार झाली म्हणून बँकवाल्यांनी त्याला स्वतःच्याच कंपनीतून दूर केले. (इथे मी नेहमी मान खाली घालतो.) मग त्याने लुई शेव्हरोले या स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या शर्यतपटूला हाताशी धरून 1911 साली नवी कंपनी काढली. थोड्याच वर्षांत शेव्हरोलेचे ड्युरंटशी बिनसले. तो गेला, पण नाव मागेच राहिले. त्या नावाच्या जोरावर ड्युरंटने 1916 साली जनरल मोटर्स परत मिळवली आणि 1920 साली पुन्हा गमावली. उतारवयात तो फ्लिंटमध्ये लोकांच्या करमणुकीसाठी चेंडू घरंगळवायचा अड्डा चालवीत असे. 1947 साली तो वारला. एकाला आपले नाव सोडून जावे लागले, दुसऱ्याला आपली कंपनी. म्हणजे पोरकेपणा या घराण्यात पहिल्यापासूनचाच म्हणायचा.

माझी या घराण्याशी ओळख मात्र हिच्यापेक्षा जुनी. माझे बालपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात गेले. समोर एक डॉक्टर राहत. त्यांच्याकडे 1938 सालची काळी शेव्हरोलेट होती. शेवटचा ‘ट’ आम्ही सगळे ठासून उच्चारीत असू. तो मुका असतो, हे ज्ञान पुष्कळ पुढे आले. त्या काळी कंपनीचा कारखाना मुंबईला शिवडीत होता. 1928 पासून तिथे बोटीने आलेले सुटे भाग जोडून मोटारी उभ्या करीत. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण बदलले: नुसती जोडणी पुरे झाली, ज्याला इथे मोटार घडवायची असेल त्यानेच राहावे. कंपनीने राहायचे नाही असे ठरवले आणि 1954 साली ती भारतातून गेली.

डॉक्टरांची मोटार मात्र गेली नाही. दर रविवारी सकाळी एक मिस्त्री सायकलवरून येई, सदरा काढून खांबाला अडकवी आणि मोटारीखाली आडवा होई. जो भाग मिळत नसे तो मुंबईच्या चोर बाजारातून येई. तिथेही नसला तर लेथवर कातून घेतला जाई. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आईला रात्री दोन वाजता त्याच मोटारीतून दवाखान्यात नेले. हँडल मारायला आमचे अण्णा पुढे झाले होते, हे ते पुढे चाळीस वर्षे सांगत. कंपनीला देश सोडून तेव्हा दहा वर्षे झाली होती. तिची कोणाला आठवणही नव्हती. मिस्त्रीला मात्र सारी पेठ ओळखत होती.

चाळीस वर्षांनी, नव्वदीच्या दशकात, ती कंपनी परत आली. गुजरातेत हालोलला तिने ओपेल मोटारी काढल्या, 2003 पासून शेव्हरोले हे नाव पुन्हा लावले. तिच्या टवेऱ्यात बसून कोकणातल्या लग्नाला गेला नाही असा माणूस महाराष्ट्रात विरळा. त्याच टवेऱ्यांत धुराच्या चाचण्यांचा गैरप्रकार उघड झाला आणि 2013 साली कंपनीला एक लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या, हेही सांगितले पाहिजे. 2008 च्या सप्टेंबरात तळेगावजवळ, नवलाख उंबऱ्याकडच्या माळावर, दुसरा कारखाना सुरू झाला. बीट तिथली. तिचा नमुना 2007 साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात इतर दोघींबरोबर मांडून लोकांची मते मागवली होती, त्यांत ती पहिली आली. घडण कोरियातली, नाव स्विस माणसाचे, मालक अमेरिकन, आणि हिच्या लेखी ती निखळ मावळातली.

मोटार हाती आली त्याच दिवशी हिने हट्ट धरला: “आधी माहेरी दाखवून आणायची.” मी चालवत होतो. तळेगावला आईच्या हातून हळदकुंकू लावून झाले, तरी समाधान नाही. मोटार थेट कारखान्याच्या फाटकापाशी न्यायला लावली. पहारेकरी लगबगीने पुढे आला. “काय काम आहे?”

“काही नाही,” ही काच खाली करून म्हणाली, “माहेरपणाला आलीय.”

तो बिचारा गोंधळला. मग पोपटी मोटारीकडे आणि तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे पाहून इतका हसला की त्याने आम्हांला सलाम केला.

त्या वर्षी, चोपन्नाव्या वर्षी, ही मोटार शिकली. बीटच्या मागच्या दारांच्या मुठी खिडकीच्या काळ्या चौकटीत लपवलेल्या आहेत. आमच्या आत्याबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा बराच वेळ दाराशी मूठ शोधत उभ्या राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, “मला न्यायचं नसेल तर तसं सांगा.” पुढच्या कप्प्यात हिने एक शंभर पानी वही ठेवली होती. पेट्रोल किती भरले, किती किलोमीटर झाले, कुठे गेलो, सारे त्यात. बँकेत मी होतो, पण हिशेब तिचा. ‘17 लिटर. वाई. ढोल्या गणपती. मी एकटीने चालवली, हे झोपले होते.’ ‘21 लिटर. वरंधा घाट. पाऊस. हे झोपले नाहीत.’ गावात लिटरला तेरा, बाहेर सतरा, असा सरासरीचा आकडा दर पानाखाली. माझ्या या मोटारीविषयीच्या अनुभवाचे पुस्तक म्हणाल तर ते हेच.

2012 साली तिचे आईवडील सहा महिन्यांच्या अंतराने गेले आणि भावांनी तळेगावचे घर विकले. ती रडली नाही, भांडलीही नाही. वहीत फक्त एक नोंद आहे: ‘तळेगाव. जाऊन येऊन 71 कि.मी. शेवटचं.’

म्हणून 2017 च्या मे महिन्यात, कंपनी भारतातली विक्री थांबवणार ही बातमी मी मोठ्याने वाचली तेव्हा मला वाटले होते तसे ती काही बोलली नाही. खाली गेली. मी गच्चीतून पाहिले. मोटारीच्या टपावरची बुचाची फुले एकेक करून काढीत होती. वर आल्यावर म्हणाली, “आता ही माझ्यासारखीच झाली.” तेव्हाही तळेगावात मोटारी बनतच होत्या, पण त्या मेक्सिकोसारख्या देशांत पाठवण्यासाठी. बहिणी परदेशी आणि ही एकटी कोथरुडात.

2019 च्या पावसाळ्यात ही गेली. मी मोटार बाहेर काढेनासा झालो. पुढे टाळेबंदी आली, तेव्हा तर निमित्तच मिळाले. एके दिवशी किल्ली फिरवली. काहीच झाले नाही. झाकण उघडले तर आत उंदराने संसार मांडलेला. सगळ्या तारा कुरतडलेल्या. गणपतीच्या वाहनाने माझ्या वाहनाचा निकाल लावला होता आणि त्याचा दोष मी माझ्याशिवाय कोणाला देणार? वहीचेही कोपरे खाल्लेले. अक्षरे मात्र शाबूत.

मुलगा मिशिगनमध्ये असतो. ड्युरंटच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर राहतो आणि जपानी मोटार चालवतो. तो फोनवर म्हणाला, “बाबा, आता भंगारात देऊन टाका. भाग कुठून आणणार? आणि या वयात तुम्ही चालवूही नका.” त्याचे बोलणे काळजीचे होते आणि हिशेबानेही बरोबर होते. म्हणूनच मला ते लागले. मोटारीविषयी बोलता बोलता तो माझ्याविषयी कधी बोलू लागला ते त्याला कळलेच नसावे.

मी नाना पेठेतल्या एका मिस्त्रीला बोलावले. त्याने विजेरी घेऊन अर्धा तास पाहिले. मी भीत भीत म्हटले, “कंपनी तर गेली.”

“काका, कंपनी गेली. गाडी तर इथंच हाय ना?” तो म्हणाला. चार दिवसांनी जुन्या बाजारातून, अपघातात गेलेल्या एका बीटच्या तारांचा जुडगा घेऊन आला. मोटार सुरू झाली तेव्हा मला एकदम सदरा खांबाला अडकवणारा तो सायकलवाला आठवला.

पुढे तळेगावचा कारखाना मिटला. हजाराहून अधिक कामगारांचे काम गेले; त्यांचा लढा न्यायालयांत आणि उपोषणांत कित्येक वर्षे चालला. मोटारीला पोरकी म्हणताना त्यांची आठवण ठेवली पाहिजे. मोटारीला मिस्त्री मिळतो. चाळिशीतल्या माणसाला दुसरा कारखाना मिळतोच असे नाही.

2025 च्या जूनमध्ये मोटारीला पंधरा वर्षे पूर्ण झाली आणि नोंदणी संपत आली. माझ्या परवान्याची मुदतही त्याच महिन्यातली. आधी डॉक्टरांनी माझे डोळे पाहिले, रक्तदाब पाहिला आणि सही केली. मग पर्यावरण कर भरून मी मोटार तपासणीला नेली. दिवे, भोंगा, धूर पाहून झाला. एका पोराने चेसिसच्या क्रमांकावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासू लागला. लहानपणी आम्ही नाण्यावर घाशीत असू तशी. पांढऱ्या कागदावर एकेक अक्षर वर येऊ लागले. पंधरा वर्षांपूर्वी तळेगावात उमटलेली ती अक्षरे जशीच्या तशी होती.

“अजून एक छाप देशील का?” मी विचारले.

“कशाला, काका?”

“घरी ठेवायला.”

दोघांनाही पाच पाच वर्षे मिळाली. मुलाला कळवले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “रात्रीची चालवू नका, एवढं कबूल करा.” मी कबूल केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळेगावला गेलो. तो कारखाना कोरियाच्या ह्युंदाईने विकत घेतला आहे. 2023 च्या ऑगस्टात करार झाला आणि आता तिथे पुन्हा मोटारी बनतात. फाटकावर नवी पाटी होती, पहारेकरीही नवा, तरणा. मोटार थांबलेली पाहून तो पुढे आला.

“काय काम आहे, आजोबा?”

मी काच खाली केली. हिच्यासारखे उत्तर मला सुचत होते, पण ते माझ्या तोंडी शोभले नसते. “काही नाही,” म्हटले आणि मोटार वळवली. वाटेत सोमाटण्याला पेट्रोल भरले. कप्प्यातली वही काढली, क्रमांकाचा छाप तिच्या पानांत ठेवला आणि हिच्या अखेरच्या ओळीखाली, पेन्सिलीनेच, लिहिले: ‘22 लिटर. तळेगाव. मी एकट्याने चालवली.’