१९ पैकी २.२

भाची अकरावीत आहे. पोटॅशियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन ३डी सोडून ४एसमध्ये का जातो, असं तिनं क्लासमध्ये विचारलं. उत्तर काय? "पाठ कर!" (फीचं गणित मात्र कुणी पाठ करायला सांगत नाही.) तेव्हापासून केमिस्ट्री नकोच म्हणतेय.

मग रविवारी वही घेऊन दोघी बसलो. जॉन स्लेटर या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९३० मध्ये सोपे नियम दिले. आतले इलेक्ट्रॉन अणुकेंद्रकाची ओढ झाकतात. कुणी किती झाकली ते मोजून वजा करायचं. तिसऱ्या कक्षेतले ८, प्रत्येकी ०.८५. त्याहून आतले १०, प्रत्येकी पूर्ण १. झाले १६.८. प्रोटॉन १९, म्हणजे बाहेरच्याच्या वाट्याला २.२.

तोच ३डीत बसवला तर? आतले अठराही पूर्ण १ नं झाकतात. उरतो फक्त १! कक्षेच्या अंतराचा हिशेब धरूनही ४एसच फायद्याचा.

अर्थात हे अंदाजाचं गणित. १९६३ मध्ये क्लेमेंती आणि राइमोंदी यांनी काढलेला आकडा ३.५ च्या आसपास आहे.

नंतर तिनं आपणहून सोडियम सोडवलं. तेही २.२!

"मावशी, दोघांना ओढ सारखीच, मग पाण्यात पोटॅशियमच जास्त का भडकतं?"

"त्याचा इलेक्ट्रॉन किती लांब बसलाय ते बघ," म्हटलं, आणि वही तिच्याकडे सरकवली.