मार्च महिन्यात नाला वाहतो कसा? प्रथम वर्षाच्या भूविज्ञानाचा एक प्रश्न

दरवर्षी उन्हाळा लागला की बेंगळुरू राष्ट्रीय बातम्यांत येते. २०१५ साली बेळ्ळंदूर तलावावरचा फेस पेटल्याची बातमी आली. फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्येही त्याच परिसरातून धुराचे लोट उठले. मार्च २०१६ मध्ये अलसूर तलावात हजारो मासे मरून तरंगले. २०२४ च्या मार्चमध्ये तर शहरातील सुमारे १४ हजार सरकारी कूपनलिकांपैकी जवळपास निम्म्या कोरड्या पडल्याचे शासनानेच सांगितले. या बातम्या माझे विद्यार्थी माझ्या आधी वाचतात. तरीही वर्गात ते जे पुस्तक उघडतात, त्यात हिमालयाच्या वळ्या असतात आणि हवाईचे ज्वालामुखी असतात. घरापासून दोन किलोमीटरवर असलेला नाला मात्र त्यात नसतो.

मी या शहरातील एका महाविद्यालयात प्रथम वर्षाला भूविज्ञान शिकवते. वर्गातील बहुतेक मुले पुढे भूवैज्ञानिक होणार नाहीत, कोणी संगणकाकडे जाईल, कोणी बँकेत. त्यांना खनिजांची तीस नावे पाठ करून देण्यापेक्षा आपल्या पायाखालची जमीन आणि आपल्या नळाचे पाणी यांचा संबंध शोधायला लावावा, असे मला वाटू लागले. म्हणून आता पहिल्या सत्रात मी त्यांना दोनच प्रश्न देते. तुमच्या घरात पाणी कोठून येते? आणि वापरून झाल्यावर ते कोठे जाते?

सुरुवात लालबागेतून होते. तेथील खडकाच्या टेकडीवर केम्पेगौडांचा बुरूज आहे आणि लोक संध्याकाळी फिरायला येतात. हा खडक सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. त्याला पट्टिताश्म म्हणजे नाइस म्हणतात. म्हैसूर भूविज्ञान खात्यातील स्मीथ यांनी १९१६ साली ‘द्वीपकल्पीय नाइस’ हे नाव रूढ केले, ते याच खडकाच्या आधारे. मुले आधी काळे-पांढरे पट्टे पाहतात. पांढऱ्या पट्ट्यात फेल्स्पार आणि गारगोटी, काळ्यात मुख्यतः कृष्णाभ्रक. मग मी बाटलीतले थोडे पाणी ताज्या, अखंड खडकावर ओतायला सांगते. ते वाहून जाते. जेथे खडक कुजून भुसभुशीत झाला आहे तेथे ओतले की ते मुरते, आणि भेग असेल तर त्या भेगेत शिरते. बेंगळुरूच्या भूजलाचे बरेचसे शास्त्र या तीन ओतण्यांत सामावले आहे. या खडकाला स्वतःची सच्छिद्रता जवळजवळ नाही. पाणी राहते ते वरच्या अपक्षय झालेल्या थरात आणि खालच्या भेगांत.

महाराष्ट्रातील वाचकांना यातील फरक लगेच कळेल. आपल्याकडे बेसाल्टच्या थरांमध्ये सच्छिद्र, पोकळ्यांचे थर असतात, वर मुरूम असतो, आणि विहिरीला पाणी लागते ते बहुधा अशा ठिकाणी. येथे थरांची ती रचनाच नाही. वरचा कुजलेला थर रिकामा झाला की कूपनलिका खोल, आणखी खोल जाते आणि एखादी भेग सापडेल या आशेवर थांबते. भेग सापडली तरी ती भरायला किती पावसाळे लागतील हे ड्रिलवाला सांगत नाही. शेजारच्या दोन प्लॉटपैकी एकाला पाणी लागते आणि दुसऱ्याला नाही, यामागे नशिबापेक्षा भेगांची दिशा अधिक असते.

दुसऱ्या टप्प्यात भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा टेबलावर पसरतो. प्रत्येकाने आपले घर शोधायचे, समोच्च रेषांवरून उतार काढायचा आणि आपल्या अंगणातला पावसाचा थेंब शेवटी कोठे पोचेल ते पेन्सिलीने दाखवायचे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका पाणलोट दुभाजकावर बसले आहे. पश्चिमेकडचे पाणी वृषभावती आणि अर्कावतीमार्गे कावेरीला मिळते, तर पूर्वेकडचे बेळ्ळंदूर आणि वर्तूर तलावांतून दक्षिण पिनाकिनीत जाते. शहराला मोठी नदी नाही, म्हणून जुन्या लोकांनी उतारावर एकाखाली एक तलाव बांधले आणि ते राजकालुवे नावाच्या कालव्यांनी जोडले. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळातही हे गाव तलावांच्याच आधाराने जगत होते. आज धर्मांबुधी तलावाच्या जागी मुख्य बसस्थानक आहे आणि संपंगी तलावाच्या जागी कंठीरव क्रीडांगण. मुले रोज त्या बसस्थानकावरून येतात. नकाशावर तेथे सगळ्या बाजूंचा उतार एकत्र येताना दिसला की पहिल्या मोठ्या सरीत तेथे पाणी का तुंबते, हे मला सांगावे लागत नाही.

तिसरा टप्पा नाल्याचा. आम्ही मार्चमध्ये जातो, मुद्दाम. पाऊस नाही, विहिरी खाली गेलेल्या, खडक तर पाणी धरून न ठेवणारा. अशा भूमीवर नैसर्गिक ओढा या महिन्यात कोरडा असायला हवा, हे मुलांनी लालबागेत स्वतःच ठरवलेले असते. आणि समोर नाला दुथडी नसला तरी खळाळत वाहत असतो. मी गप्प उभी राहते. थोड्या वेळाने कोणीतरी विचारते, “मॅडम, हे पाणी आले कोठून?”

उत्तर नकाशावरच असते. शहराचे पिण्याचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून, जवळपास ५०० मीटर उंच चढवून कावेरीतून आणले जाते. त्यात कूपनलिकांचे आणि टँकरचे पाणी मिसळते. आपण आंघोळ करतो, कपडे धुतो आणि तेच पाणी पूर्वेकडच्या घरांतून दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यात सोडून देतो. एका नदीचे पाणी दुसरीत नेणारा हा नदीजोड प्रकल्प आपल्या न्हाणीघरांतून रोज चालतो. तो कोणी जाहीर केलेला नाही.

फेसाबद्दल मुलांचे मत आधीच ठरलेले असते: कारखाने. मी ते खोडत नाही, गृहीतक म्हणून फळ्यावर लिहून ठेवते. मग नाल्यावर वर-खाली ठरवलेल्या जागांचे नमुने घेतले जातात. हातमोजे घालून, दोरी बांधलेल्या बादलीने, काठावरूनच. सामू, विद्युतवाहकता, तापमान, विरघळलेला ऑक्सिजन यांची नोंद होते. प्रत्येक मोजणी दोनदा, आणि सोबत एक बाटली शुद्ध पाण्याची, म्हणजे उपकरणच चुकत असेल तर कळावे. त्यानंतर बंद बरणीत नमुना हलवून फेस किती वेळ टिकतो ते घड्याळावर पाहायचे. शेवटच्या बरणीत घरचे कपडे धुतलेले पाणी पातळ करून घेतलेले असते. त्यालाही फेस येतो आणि तोही तसाच रेंगाळतो.

येथे वर्गात दरवर्षी वाद होतो आणि तो मला हवा असतो. बरणीच्या प्रयोगाने कारखाने निर्दोष ठरत नाहीत. त्यासाठी धातूंची तपासणी लागेल, ती आमच्या आवाक्यात नाही. पण मोठ्या प्रमाणावर प्रक्रिया न झालेले घरगुती सांडपाणी, त्यातील साबणाची पृष्ठसक्रिय द्रव्ये आणि सांडव्यावरून पाणी उंचावरून पडताना त्यात मिसळणारी हवा, एवढे एकत्र आले की फेस होतो, हे मुलांनी हाताने करून पाहिलेले असते. तळाच्या गाळात वर्षानुवर्षे साठलेली द्रव्ये पहिल्या पावसात ढवळली जातात, म्हणून फेस पावसात वाढतो, हेही मग उमगते. “म्हणजे दोषी आम्हीच?” असे एका मुलीने रागाने विचारले होते. तिच्या शेजारचा मुलगा म्हणाला, “आमच्या गल्लीत मलवाहिनीच नाही. आम्ही पाणी सोडायचे कोठे?” दोघांचेही बरोबर होते. दोष आणि कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला जितक्या लवकर कळेल तितके चांगले.

सर्वांत अवघड टप्पा घरोघरच्या पाहणीचा. कूपनलिका किती फूट, केव्हा खोदली, केव्हा आटली, टँकर आठवड्यातून किती वेळा. एका वस्तीत एका बाईंनी मुलांना बसायला दिले, सगळी उत्तरे दिली आणि शेवटी कन्नडमध्ये विचारले, “तुमच्यासारखे लोक येतात, लिहून नेतात. आम्हाला काय मिळते?” मुले माझ्याकडे पाहू लागली. माझ्याकडे त्या क्षणी देण्यासारखे उत्तर नव्हते, आणि ओढूनताणून मी ते दिले नाही. परतीच्या बसमध्ये मुलांनीच ठरवले की ज्या घरातून माहिती घेतली त्या घरी ती परत न्यायची. तेव्हापासून सत्राच्या शेवटी प्रत्येक घरी कन्नडमध्ये एक पानाचा कागद जातो: तुमच्या पाण्याची वाहकता इतकी, नायट्रेटची पट्टी या रंगाची, ही प्राथमिक चाचणी आहे, पिण्याचा निर्णय याच्यावरून घेऊ नये, प्रयोगशाळेत तपासणी येथे होते. कूपनलिकेत नायट्रेट दिसले तर जमिनीत सांडपाणी झिरपत असण्याची शक्यता असते, एवढे वाक्यही त्यात असते. हा कागद लिहिताना मुले जितकी काळजी घेतात तितकी परीक्षेच्या पेपरात घेत नाहीत. चुकीचा आकडा आता परीक्षकाकडे जाणार नसतो, एका स्वयंपाकघरात जाणार असतो.

काही प्रश्नांना मी शेवट देत नाही. २०१८ पासून बेंगळुरूचे प्रक्रिया केलेले सांडपाणी कोलार जिल्ह्यातील तलावांत सोडले जाते. कोरड्या तलावांत पाणी दिसू लागले, भूजल वर आले, असे समर्थक म्हणतात. द्वितीय स्तरापर्यंतच शुद्ध केलेले पाणी भेगांच्या खडकात मुरू देणे धोक्याचे आहे, असे टीकाकार म्हणतात. वर्गात कोलारची मुलेही असतात. ती दोन्ही बाजू ऐकतात आणि मग विचारतात की कोणत्या विहिरीत, कोणत्या महिन्यात, काय मोजले तर यातले काय खरे ते ठरेल. असा प्रश्न विचारता येणे, एवढाच माझा अभ्यासक्रम आहे.

ही पोस्ट वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना एक विनंती. तुम्ही पुण्यात असाल तर मुळा-मुठा आहे, कोल्हापुरात रंकाळा आहे, नागपुरात फुटाळा आहे. गावी असाल तर एखादी विहीर असेलच. दोरीला दगड बांधा, विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा, तारीख लिहा. काठावर एकटे जाऊ नका, सोबत मोठे माणूस घ्या. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीच्या सुमारास एकदा, अशी तीन-चार वर्षे नोंद ठेवा. उपकरण एकही लागत नाही. त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमच्या गावच्या खडकाने त्या वर्षी ठेवून घेतलेला पाऊस. तो कमी होत चालला असेल, तर वर्तमानपत्राच्या आधी ते तुम्हाला कळलेले असेल, आणि ग्रामसभेत उभे राहून सांगायला तुमच्या हातात वही असेल.