सुक्क्याची भिंत

अलिबागच्या इस्रायल आळीत सुक्कोथ हा ज्यूंचा सण आला की आम्हा पोरांच्या नजरा सुक्क्याच्या, म्हणजे सणापुरत्या मांडवाच्या, छताकडे. नारळाच्या झावळ्या, त्यांना लटकवलेली फळं, मधल्या फटींतून दिसणारं आभाळ. भिंतींकडे कोण बघतंय! आजोबा मात्र आधी बांबू हलवून बघत. डुगडुगला की खड्डा पुन्हा खणायला लावत.

मग आम्ही मुंबईत आलो. चाळीत राहणाऱ्यांना घरचा सुक्का कुठला? सिनेगॉगच्या आवारात सगळ्यांचा एकच. दोन बाजूंना इमारतीची आणि कुंपणाची पक्की भिंत, तीच धरायची. भिंत सुक्क्यासाठी मुद्दाम बांधलेली हवी, असं शास्त्र म्हणत नाही.

त्या शास्त्राचं गणित तिथेच कळू लागलं. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संकलनाने मापं दिली आहेत: उंची वीस हातांहून जास्त नको, दहा मुठींहून कमी नको. मूठ म्हणजे चार बोटांची रुंदी, साधारण आठ सेंटिमीटर. भिंती तीन हव्यात. दोन पुऱ्या असतील तर तिसरी ठरावीक जागी मूठभर रुंद असली तरी भागतं. छताला जमिनीतून उगवलेलं आणि तोडलेलंच लागतं. भिंतीला लाकूड, वीट, पत्रा, काहीही चालतं. मिश्नावर चर्चा करणाऱ्या तालमूदच्या पंडितांनी बांधून ठेवलेल्या हत्तीचीही भिंत मान्य केली. हत्ती मेला तरी त्याचं धूड दहा मुठी उंच राहणारच, हा युक्तिवाद!

पुढे इस्रायलमध्ये अश्दोदला बिऱ्हाड आलं. इथे बाल्कनीत तयार सुक्का उभा राहतो: पाइपांचा सांगाडा आणि कापडाचे पडदे. समुद्राचा वारा सुटला की पडदे शिडासारखे फुगतात. नेहमीच्या वाऱ्यापुढे टिकत नाही ती भिंत नव्हे. योसेफ कारो यांच्या, १५६५ साली व्हेनिसला छापलेल्या ‘शुलहान आरूख’ या धर्मसंहितेने कापडाबाबत बजावलंच आहे: गाठ नकळत सुटते, म्हणून आत काठ्या लावा. आज त्या जागी दोऱ्या ताणतात. दोन दोऱ्यांमधलं अंतर तीन मुठींहून कमी असेल, तर मधली मोकळी जागा भरलेलीच मानायची. यालाच ‘लावूद’ म्हणतात. जमिनीपासून दहा मुठी उंचीपर्यंत अशा दोऱ्या आल्या की भिंत झाली.

म्हणजे आरपार दिसणारी दोरी भिंत ठरते आणि डोळ्यांआड करणारा पडदा ठरत नाही. शास्त्राला फट चालते, फडफड चालत नाही. माणसांच्या शब्दालाही मी आता हेच माप लावतो.

तयार सुक्का घेणाऱ्यांनो, पडद्यावरची नक्षी मागाहून निवडा. आधी दोऱ्या घट्ट ताणा, आणि शंका असेल तर सण लागण्यापूर्वी रब्बींना विचारा.