मुंबई ते न्यूयॉर्क : खरे अंतर किती?

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. थेट विमान ते साधारण सोळा तासांत कापते. परदेशी शिकायला निघालेली आपली मुले-मुली हा हिशेब मोबाईलवर क्षणात काढतात. आम्ही काही कार्यकर्ते त्यांना शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला मदत करतो. आमच्या अनुभवाने हा हिशेब अपुरा आहे.

१९१३ साली बाबासाहेब मुंबईहून न्यूयॉर्कला गेले, तेव्हा प्रवासी विमाने नव्हती. बोटीने जायला आठवडे लागत. जुलैमध्ये ते तिथे पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पाठीशी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती : महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बोट संथ होती, पण पैशाचा शब्द आधी मिळाला होता.

आज उलटे झाले आहे. विमान वेगवान आणि कागद संथ! उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र यांसाठी खेटे घालण्यात महिने जातात. रोजंदारी बुडवून बाप रांगेत उभा राहतो. त्यातून पार पडले, तरी व्हिसाची कागदपत्रे देण्याआधी विद्यापीठ पैशांचा पुरावा मागते. आणि सत्र तोंडावर आले तरी शिष्यवृत्तीचे पत्र येत नाही. अशा वाट पाहण्यात हातचे प्रवेश गेलेले आम्ही पाहिले आहेत. ज्याच्या घरी ठेवी आहेत तो तोवर विमानात बसलेला असतो. मग सोळा तास कोणासाठी?

दुसरा अडथळा विषयाचा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे संशोधनविषय वगळले. आता आठवा, ९ मे १९१६ रोजी कोलंबियात बाबासाहेबांनी कोणता निबंध वाचला? भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवरचा. या नियमाच्या चाळणीतून तो विषय खालीच पडला असता.

कोणी म्हणेल, भारताचा अभ्यास भारतातच करावा, साधने इथेच आहेत. साधने आहेत, मान्य. पण जातीबद्दल प्रश्न विचारल्यावर मार्गदर्शकाच्या कपाळावर आठी उमटणार नाही, अशी जागाही संशोधकाला लागते. शिवाय आपल्या समाजाबद्दल जगाला कोण सांगणार? आपण संगणकशास्त्र शिकावे आणि जातीवर मात्र इतरांनी लिहावे, ही वाटणी आम्हाला मंजूर नाही.

म्हणून मागण्या साध्या आहेत. शिष्यवृत्तीचे पत्र सत्राच्या किमान तीन महिने आधी हातात पडावे. दाखल्यांना ठरलेली मुदत असावी आणि ती पाळली जावी. विषय निवडण्याचा अधिकार विद्यार्थ्याचा असावा.

आणि तरुण मित्रांनो, सरकार सुधारेल तेव्हा सुधारेल. तुम्ही तयारी दीड वर्ष आधी सुरू करा. वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आजच टाका. आधी जाऊन आलेल्यांनी मागून येणाऱ्या किमान दोघांचे अर्ज तपासून द्यावेत. तिकीट शेवटी काढायचे असते. अंतर त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते.

जय भीम!